उद्या इंग्रजीचा पेपर, उद्या माझं दुकान बंद

उद्या दहावीचा इंग्रजीचा पेपर आहे, म्हणून माझं दुकान बंद राहणार. माझं झेरॉक्सचं दुकान हायस्कूलच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि परीक्षा केंद्राच्या शंभर मीटरच्या आतली झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवायचा आदेश दरवर्षी निघतो. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता नव्या कायद्यात त्याचा आकडा १६३ झालाय. शटर मात्र तेच खाली ओढायचं. कॉपी होऊ नये म्हणून. बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जी कॉपी व्हायची ती महिनाभर आधीच होऊन गेलेली असते, माझ्याच मशीनवर, आणि तिला सगळे 'तयारी' म्हणतात.

जानेवारी सरत आला की पोरं यायला लागतात. "काका, इंग्लिशचा सेट द्या." सेट म्हणजे चौदा पानं. पाच औपचारिक पत्रं, पाच अनौपचारिक, दोन भाषणं, एक बातमी, आणि कवितेच्या रसग्रहणाचा साचा. कुठल्या तरी क्लासच्या सरांनी कधीकाळी हातानं लिहिलेलं, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. आता अक्षरं इतकी फुटलीत की 'एम' कुठला आणि 'एन' कुठला हे अंदाजानं ओळखायचं. दोन रुपये पान, अठ्ठावीस रुपये सेट. नवीन टाइप करून घ्यावा असं दर वर्षी मनात येतं आणि दर वर्षी राहून जातं, कारण फुटकाही खपतोच.

मध्यंतरी एक पोरगा पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन आला. क्लासमध्ये दाखवायची होती. मशीनवर ठेवता ठेवता माझी नजर पत्राच्या प्रश्नावर गेली. भावाला सायकल शर्यतीत बक्षीस मिळालंय, त्याचं अभिनंदन करणारं पत्र लिहा, असा प्रश्न. पठ्ठ्यानं मित्राला पत्र लिहिलेलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिला आल्याबद्दल.

म्हटलं, "अरे, इथं भाऊ आहे, सायकल आहे. तू मित्र आणि वक्तृत्व कुठून आणलंस?"

"काका, पाठ तेच होतं ना."

मी पुढं काही बोलणार, तेवढ्यात त्यानं बोट ठेवून दाखवलं. "पाचातले दोन दिलेत की. फॉरमॅटचे."

आता ह्यावर काय बोलणार? त्याला पत्ता कुठल्या कोपऱ्यात लिहायचा, तारीख कुठं, 'युवर्स लव्हिंगली' कुठं, हे सगळं बिनचूक येत होतं. आपण कुणाला लिहितोय, एवढंच माहीत नव्हतं.

मी काही मास्तर नाही. उलट १९९६ च्या मार्चला मी ह्याच विषयात २९ मार्क घेऊन आपटलोय आणि ऑक्टोबरची वारी करून सुटलोय. तेव्हा शहाणपण शिकवायचा अधिकार माझा नाही हे आधीच मान्य करतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झालं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. मला वाटलं होतं, आता सुटली ही पिढी. दहा वर्षं एक भाषा कानावर पडली तर बाभळीलासुद्धा बोलता येईल. पण ती कानावर पडलीच नाही, डोळ्यांसमोरून गेली. फळ्यावरून वहीत, वहीतून कृतिपत्रिकेत, म्हणजे हल्लीच्या प्रश्नपत्रिकेत.

यंदा हे सगळं जवळून बघायला मिळालं, कारण आमची चिऊ, माझी पुतणी, दहावीला आहे. तिच्या घरी टीव्ही आणि धाकटा भाऊ, दोन्ही मोठ्यानं चालू असतात. म्हणून संध्याकाळी सात ते नऊ ती माझ्या दुकानात, काउंटरच्या मागं कागदाच्या रिमांवर बसून अभ्यास करते. पहिल्याच प्रश्नात शब्दांची साखळी असते. एक शब्द देतात, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा, त्याच्यावरून त्याच्या पुढचा. म्हणजे आपल्या भेंड्याच की. चिऊ भेंड्यांत कुणाला ऐकत नाही, त्यामुळं मी निर्धास्त होतो.

दिलेला शब्द होता टेबल. तिनं लिहिलं: लायन, नाईफ, फोन.

हसू नका. कानानं ऐका. टेबलचा ल, लायनचा न, नाईफचा फ. भेंड्यांच्या हिशेबानं एकही चूक नाही. आणि कृतिपत्रिकेच्या हिशेबानं एकही बरोबर नाही. टेबलच्या शेवटी 'ई' आहे, तो बोलतच नाही. नाईफच्या सुरुवातीला 'के' आहे, तोही गप्प. फोन तर 'एफ'नं सुरूच होत नाही, 'पी'नं होतो. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढी मुकी अक्षरं ठेवतात कशाला मग?" मला उत्तर आलं नाही. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी पोरीला दहा वर्षांत कुणी स्पष्ट सांगितली नव्हती. आपली भाषा जशी बोलतो तशी बहुतेक लिहितो, त्यांची तशी नाही, म्हणून भेंड्या इथं डोळ्यांनी खेळायच्या. हे एक वाक्य. पाचवीत सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यानंतर आम्ही आठवडाभर रोज डोळ्यांच्या भेंड्या खेळलो, गिऱ्हाईक करता करता. एकदा तर पॅन कार्डची झेरॉक्स घ्यायला आलेल्या एका गुरुजींनीही दोन शब्द जोडले.

मग रसग्रहण. सेटमधला साचा तिला तोंडपाठ. कवितेचं नाव, कवी, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. अलंकाराच्या जागी ती प्रत्येक कवितेला 'अलिटरेशन' लिहायची, कारण वर्गात कुणीतरी सांगितलेलं की ते कुठंही सापडतंच. (हे खरं आहे, बऱ्याचदा सापडतं.) मी विचारलं, अलिटरेशन म्हणजे काय? गप्प. अनुप्रास म्हणजे काय? लगेच सुरू: "एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण होतो तेव्हा…" अगं बाई, ते तेच आहे! सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन म्हणजे तुझी ती चेतनगुणोक्ती. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. मराठीच्या तासाला जे येतं ते इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर चपलेबरोबर काढून ठेवायचं, अशी तिची समजूत होती. ह्यात तिची चूक नाही. दोन तास, दोन वह्या, दोन गाईडं. दोघांची कधी ओळखच करून दिली नाही कुणी.

शेवटचा प्रश्न तर मराठीतच लिहायचा असतो. शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण यांचं भाषांतर, पाच मार्क. तिथंही पोरं मार्क घालवतात. 'अ बर्ड इन द हँड इज वर्थ टू इन द बुश' ह्याचं तिनं लिहिलं, हातातला एक पक्षी झुडपातल्या दोन पक्ष्यांच्या किमतीचा असतो. शब्दन् शब्द बरोबर. रविवारी घरी आईसमोर हा विषय निघाला. आईला इंग्रजी ओ की ठो येत नाही. मी फक्त अर्थ सांगितला. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." झालं. चिऊ म्हणाली, आजीलाच बसवा पेपरला.

उताऱ्यांचं सांगायचं तर तिथं रोग वेगळा आहे. पोरं उतारा वाचतच नाहीत. प्रश्नातला एक शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठं दिसतो ते शोधायचं, दिसला की ती ओळ उचलून खाली ठेवायची. चिऊ हे इतक्या सफाईनं करते की बँकेतला कॅशियर नोटा मोजतो तसं वाटतं. आणि गंमत अशी की बऱ्याचदा मार्क मिळतात! म्हणून तर सवय सुटत नाही. पण 'तुझं मत लिही' असा प्रश्न आला की पोरगी अडली, कारण मत काही उताऱ्यात सापडत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

इंग्रजीचा पेपर ८० मार्कांचा. उरलेले २० शाळेच्या हातात, तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. चिऊची तोंडी कशी झाली ते तिनं सांगितलं. भिंतीला पाठ लावून रांग, एका दुपारी अख्खी तुकडी. नाव काय, घरी कोण कोण असतं, आवडता सण कोणता. तिनं 'माय फेवरेट फेस्टिव्हल इज दिवाळी' एवढं म्हटलं आणि पुढची आली. मिनिटभरसुद्धा नाही. मार्क किती? तिलाही माहीत नाहीत, पण कमी पडणार नाहीत हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. २० पैकी अठरा-एकोणीस शाळेतून आले की लेखीत सोळा-सतरा पडले तरी पस्तीसची गाडी स्टेशनात लागते.

लोक म्हणतील, गरिबाच्या पोराला मिळतायत मार्क, तुमच्या पोटात का दुखतं? दुखत नाही. पण जरा २०१९ आठवा. त्या वर्षी बोर्डानं भाषांचे हे तोंडीचे मार्क काढून टाकले आणि पेपर पुरा १०० चा केला. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. त्या जूनमध्ये माझ्या दुकानात पेढ्यांचे पुडे कमी आणि गुणपडताळणीचे अर्ज जास्त आले. आयांनी डोळ्याला पदर लावलेला. मग ओरड झाली, की सीबीएसईच्या पोरांना शाळेचे मार्क मिळतात, आमच्याच पोरांवर अन्याय का? ओरड खरी होती, मीही त्यात होतो. मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. सगळे खूश. अभ्यासक्रम नवा होता, पेपरचं रूप बदललं होतं, सगळं खापर ह्या वीस मार्कांवर फोडता येणार नाही हे कबूल. पण 'वीस मार्क द्या' म्हणून आपण भांडलो तेव्हा 'त्या वीस मार्कांत आमच्या पोराला बोलायला शिकवा' असं एकानंही म्हटलं नाही. मी तर नाहीच म्हटलं.

आणि खरी तयारी तिथंच होती. मुकी अक्षरं, डोळ्यांच्या भेंड्या, स्वतःचं मत दोन वाक्यांत सांगणं, भावाला लिहितोय की मित्राला, हे सगळं तोंडानं आणि कानानं व्हायचं काम. वर्षभर आठवड्यातून एकदा पोराला उभं करून पाच मिनिटं बोलतं केलं असतं, अडखळलं तर मराठीत आधार दिला असता, तर माझा फुटका सेट कशाला विकला गेला असता? ज्या वीस मार्कांसाठी पोरानं तोंड उघडायचं, तेच आपण त्यानं तोंड न उघडताच देऊन टाकले. प्रसादासारखे. रांगेत या, हात पुढं करा.

शिक्षकांना झोडपायचं नाही मला. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त झेरॉक्स कोण काढतं माहितीये? शिक्षक. त्यातली निम्मी माहिती, तक्ते, अहवाल, आणि मधूनच मतदार याद्या. एक बाई मागं म्हणाल्या, तीन तुकड्यांची तोंडी घ्यायची म्हटलं तर महिना जातो, मला दोन दिवस मिळतात. त्यांचंही बरोबर आहे. मग चूक कुणाची? पालक म्हणून आपण मार्कलिस्टवरचा आकडा बघतो, तो आकडा कसा आला हे विचारत नाही. शाळेलाही हे ठाऊक आहे.

चिऊचं इंग्रजी दीड महिन्यात काही फाडफाड झालेलं नाही. उगाच चमत्कार सांगत नाही. अजून ती 'ही डोन्ट' म्हणते. फक्त एक सवय लागलीय, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. परवा मशीनच्या शाईचा डबा, म्हणजे नवीन टोनर आला, त्याच्या खोक्यावरचं वाचून मला म्हणाली, "काका, हे आधी हळू हलवायचं असतं, तुम्ही सरळ ठोकताय." अकरा वर्षं मी टोनर ठोकूनच बसवतोय.

आत्ता हे लिहीत असताना रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि दुकानात पाचजण उभे आहेत. चारांना सेट हवाय. पाचवा तोच, सायकलवाला. त्याला विचारलं, "भावाचं पत्र वाचलंस का?" म्हणाला, "सेटमध्ये नाहीये ते." चौघांना सेट दिले, ११२ रुपये झाले. पाचव्याला सांगितलं, थांब जरा, आपण दोघं बोलू. तो घड्याळ बघतोय. चिऊ मागून म्हणतेय, काका, शटर ओढा आता, मला उद्या लवकर उठायचंय.

तर उद्या दुकान बंद. आधारची, सातबाऱ्याची, कशाचीही झेरॉक्स हवी असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावं.