ताडपत्रीला पण असा कायदा पायजे

काल बाजारात मेथीच्या दोन जुड्या हातात धरून मी भाव पाडत होतो. वीसच्या दोन म्हणत होत्या मावशी, मी पंधरावर आणून ठेवलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या भज्याच्या गाड्यावरून खणखणीत हाक आली, "ओ बंदूकवाले गुर्जीऽऽ! दिली का मंग मित्राला?"

अर्धा बाजार वळून बघायला लागला. मावशींनी घाईघाईनं दहा रुपये घेतले आणि वर मूठभर कोथिंबीरही टाकली. तीस वर्षं शाळेत छड्या आपटून जो दरारा बसला नाही, तो एका हाकेत बसला. पण मी मान खाली घालून निघालो, आणि घरी येईपर्यंत कान तापलेलेच होते.

हाक मारणारे ते आबा. त्यांची माझी ओळख अडीच तासांची, पोलीस ठाण्यातल्या एका बाकावरची.

झालं असं, की बापूच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरली. बापू माझा लंगोटीयार, शेतं बांधाला बांध. माझ्याकडं वडिलांच्या मागं आलेली दुनळी बारा बोर बंदूक आहे, परवाना रीतसर माझ्या नावावर. बापू सकाळी चहाला आला आणि कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "दोन दिवस बंदूक दे रे. एखादं लोळवतो आन् आणून टाकतो." म्हणजे फवारणीचा पंप मागावा तशी. आमच्यात देणंघेणं तसंच आहे. त्याचं टोकणयंत्र माझ्याकडं असतं, माझी मोटारसायकल त्याच्याकडं. त्याच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा आमचा सोफा त्यांच्या ओसरीवर गेला होता, आणि पाहुण्यांना पोरगी पसंत पडल्यामुळं सोफा शुभ ठरून पुढं तीन घरं फिरला. एवढ्या घरोब्यात बंदुकीला नाही कसं म्हणायचं? म्हणून मी म्हणालो, "विचारून सांगतो."

हे "विचारून सांगतो" माझ्या तोंडून गेलं नसतं तर हा लेखही लिहावा लागला नसता.

ठाण्यात अमलदार काहीतरी लिहीत होते. मी चष्मा पुसला आणि शाळेत प्रश्न वाचतात तसं स्वच्छ वाचलं, "साहेब, माझी बंदूक मित्राला दोन दिवस शिकारीसाठी देता येईल का?" बोलून झाल्यावर लक्षात आलं. बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक देणं, त्यानं ती जवळ बाळगणं आणि वर शिकार. एका वाक्यात तीन गुन्हे बसवले होते. व्याकरण शिकवणाऱ्यालाच जमावं.

अमलदारांनी पेन खाली ठेवलं.

"कोणत्या मित्राला?"

"उदाहरणार्थ विचारतोय, साहेब."

"उदाहरणाचं गाव कोणतं?"

मी बाकावर बसलो. तिथं आधीच आबा बसले होते. डोक्याला पटका, मांडीवर नायलॉनची पिशवी, पिशवीत भाकरीचं धुडकं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी चुलतभावाला सोयाबीन झाकायला ताडपत्री दिली होती, ती काही परत येईना, म्हणून ते फिर्याद द्यायला आले होते. सकाळी नऊपासून बसून त्यांच्याकडं ऐकून घ्यायला भरपूर जागा झाली होती, आणि माझ्या प्रश्नानं त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

अमलदारांनी समजावून सांगितलं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. मित्र असो, मेव्हणा असो, सख्खा भाऊ असो. मित्र सापडला तर दोन ते पाच वर्षं आत, आणि बंदूक देणारे म्हणून तुमच्यावर वेगळा गुन्हा. (मेव्हण्याचं नाव निघालं तेव्हा मी जरा दचकलो. त्यानं मागं वरातीत बार काढायला मागितली होती. आता २०१९च्या कायदादुरुस्तीनं त्या हौसेलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा मी "घोडा अडकतोय" म्हणून वेळ मारून नेली होती आणि मेव्हणा "वरातीला घोडाच तर पाहिजे" म्हणून हसला होता.)

"मंग चिठ्ठी द्यायची की लिहून," आबा म्हणाले.

मला वाटलं अमलदार खेकसतील. पण ते म्हणाले, "चिठ्ठी चालते."

मी सावरून बसलो.

"पण दुरुस्तीला न्यायची असली तर. नाहीतर लायसनच्या नूतनीकरणाला. नाहीतर गुरुजींनी स्वतः वापरायची म्हणून कुणाच्या हाती मागवली तर. मित्राला वापरायला म्हणून नाही."

आबांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पटका परत बांधला. "मंग दुरुस्तीलाच नेलती म्हणायचं. वाटंत डुक्कर आडवं आलं."

"दुरुस्तीची बंदूक उडाली कशी, आबा?"

"दुरुस्त झाली का न्हाई ते बघाया नको?"

अमलदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांनाही चेव आला असावा. म्हणाले, "आता असं बघा. गुरुजी सोबत असतील तर मित्राला बंदूक नुसती खांद्यावर घेऊन चालता येतं. पण ती गुरुजींसाठी. बार गुरुजींनीच काढायचा."

"म्हंजी ह्यो नवरदेव आन् त्यो करवला." आबा माझ्याकडं वळले. "मंग झालं की. ठोका तुम्हीच."

इथं मला कबूल करावं लागलं, की मला उणे सातचा नंबर आहे आणि मी ती बंदूक आयुष्यात दोनदा उडवली आहे. पहिल्यांदा खांदा आठ दिवस काळानिळा होता. दुसऱ्यांदा पेरूवरचा कावळा उडाला, पण तो आवाजानं.

आबांनी हात वर केला. "ही बोटं किती?"

"दोन."

"दीड. एक कडबाकुट्टीत गेलंय." त्यांनी ते अर्धं बोट माझ्या चष्म्यासमोर नेऊन धरलं, मला नीट दिसेपर्यंत. नखाच्या जागी चकचकीत गुलाबी कातडी होती. मग ते अमलदारांकडं वळून, जणू पंचनामा झाला अशा आवाजात म्हणाले, "ह्यांच्या हाती नगा देऊ सायेब. डुकराला धोका न्हाई, मित्राला हाय."

अमलदार म्हणाले, डुकराला तसाही हात लावता येत नाही. १९७२चा वन्यजीव कायदा. शिकार बंद. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडं अर्ज करायचा, परवानगी मिळाली तर त्यात लिहिल्याप्रमाणं मारायचं. आणि मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं.

"खातंय तवा कुणाचं असतंय?" आबांनी विचारलं.

यावर कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

बापूचं शेत मी पाहिलंय. घाटे भरायला आले होते. मुसंडीनं जमीन अशी उकरलेली, की नांगर बरा. अर्धं खातात आणि दुप्पट तुडवतात. डुकरं गेली की पहाटे रोही, म्हणजे नीलगाई, येतात, तब्येतीत, सकाळच्या फिरायला निघालेल्या निवृत्त माणसांसारखे. बापूनं काय केलं नाही? बांधाला जुन्या साड्या लावल्या. लांबून शेत असं दिसतं जणू गावातल्या साऱ्या बायका बांधावर बैठकीला बसल्यात. डुकरांना साड्यांची सवय झाली. मग मोबाइलमध्ये कुत्रं भुंकतानाचा आवाज भरून भोंगा लावला, तर त्याच आवाजाला गावातली खरी कुत्री रात्रभर उत्तरं द्यायला लागली. कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं मशीन घेतलं, तर त्याची बॅटरीच कुणीतरी नेली.

विलायतेत असलेला माझा भाचा फोनवर सांगत होता, की तिकडं दोघांकडं प्रमाणपत्र असलं तर बारा बोर बंदूक ७२ तासांपर्यंत पोलिसांना न कळवता उसनी देता येते. आमच्याकडं ७२ तास म्हटलं की पीकविमाच आठवतो. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं. कळवायला रेंज लागते. रेंज बापूच्या शेतात एकाच ठिकाणी येते, आणि नेमकं तिथंच डुकरांनी लोळण काढलीय.

आणि माझी बंदूक तरी माझ्याकडं असते कुठं? २०२४ साली आधी लोकसभा, मग विधानसभा. आचारसंहिता लागली की बंदूक जमा, निकाल लागला की पावती दाखवून परत. तेव्हा ती उमेदवारांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे हजर राहिली होती. डुकरांना आचारसंहिता नसते, त्या दिवसांत त्यांची चंगळ. बरं, कायद्यावर माझा राग नाही. बंदुका पंपासारख्या गावभर फिरू लागल्या तर काय होईल, हे ती फिरून आलेली मोटारसायकल पाहिली की मला कळतं. पण राखायचं म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना द्यायचा, आणि संरक्षण करायचं तर अर्ज करून वाट बघायची. तेवढ्यात पीक कुणाच्या पोटात गेलेलं असतं?

हे मी ठाण्यात बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, कारण त्या शांततेत आबांनी शेवटचा प्रश्न विचारला. अगदी निरागसपणे.

"मंग गुर्जी, मित्राला देता येत न्हाई, तुमाला दिसत न्हाई, डुकराला मारता येत न्हाई. मंग तुमी बंदूक ठेवायलाव कामून?"

अमलदारांनी पेन उचललं. "हो, खरंच की." मग परवान्याचा नंबर, काडतुसं किती, शेवटचं कधी घेतलं, कुठं ठेवता, कपाटाची किल्ली कुणाकडं. सोमवारी बंदूक घेऊन पाहणीला या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्रही आणा. मित्राला दोन दिवस बंदूक देता येईल का विचारायला गेलो होतो, येताना माझीच जाते की काय अशी अवस्था झाली. आबांच्या ताडपत्रीला मात्र अमलदारांनी एका वाक्यात वाटेला लावलं, "तो दिवाणी मामला आहे, आबा." पायऱ्या उतरताना आबा माझा दंड धरून म्हणाले, "तुमचं बरंय. कुणी मागितलं तर सरकार नाही म्हणतंय. ताडपत्रीला पण असा कायदा पायजे."

बापूला सगळं नीट सांगितलं. कलम सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. "नाही द्यायची तर नाही म्हणायचं. पोलिसात कामून गेलास?" संध्याकाळपर्यंत पारावर पोचलं, की गुरुजींनी बापूवर केस केली. दोन दिवसांनी टोकणयंत्र न्यायला त्यानं पोराला पाठवलं. पोरगं म्हणालं, "काका, बाबांनी सांगितलं, लायसन नसंल तर ठिवू नका."

परवा रात्री डुकरं माझ्याच शेतात आली. बॅटरी घेऊन शेतातल्या आखाड्यावर गेलो. बांधापलीकडं बापू आधीच उभा होता, तेलाचं रिकामं डबडं काठीनं बडवत. आम्ही बोललो नाही. मी ताटली बडवली, त्यानं डबडं. डुकरं निघून गेली, घाईत नाही, पण गेली. तो परत फिरताना बॅटरीच्या उजेडात मला डबड्यावर माझं नाव दिसलं. दिवाळीला चकल्यांसाठी नेलं होतं त्यानं, तेलासकट.