पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

वजन सांभाळायचं तर ‘डाएट’ लिहिलेला चिवडा-बिस्किटं निवडा, असा सल्ला बरेचदा दिला जातो, पण तो शब्द पाहून माल घेऊ नका. नागपुरात धरमपेठेतलं सुपरमार्केट असो की इतवारीतलं किराणा दुकान, पाकीट उलटं करा आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात फक्त १०० ग्रॅमचा रकाना वाचा. ‘प्रति सर्व्हिंग’चे (एका वेळी खायच्या प्रमाणाचे) आकडे जुळवू नका, एकाचं सर्व्हिंग २० ग्रॅमचं, दुसऱ्याचं ३० चं, त्यामुळे पहिलं उगाच हलकं वाटतं. चिवडा भाजलेला लिहिलाय ना? मग घटकांची यादी बघा. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. पोह्यांनंतर लगेच पामतेल आलं, तर तेल भरपूर आहे. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, लक्षात असू द्या. ज्वारीच्या बिस्किटांत ज्वारीची टक्केवारी शोधा, बरेचदा मैदाच पहिला असतो. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमहून जास्त नाही, एवढंच; मैद्याचा स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच बनवलेली पावडर) तसंच राहतं, म्हणून मधुमेहींनी एकूण कार्बोहायड्रेट बघावं. बीपीवाल्यांनी सोडियम: ४०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. भावही १०० ग्रॅमवरच काढा. ६० रुपयांचं १२० ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांच्या २०० ग्रॅमपेक्षा महाग पडतं.