भाचीचं गाणं बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

‘शहरातले छोटे म्युझिक कट्टे बंद करा’ असा मेसेज आठवडाभर छत्रपती संभाजीनगरातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण तो ताईकडं पोचला आणि तिनं माझ्या भाचीचं शनिवारचं गाणं बंद केलं. म्हणून लिहितेय.

मेसेज म्हणतो, अशा जागी पोरी बिघडतात, व्यसनं लागतात. लिहिणारा एकदा तरी आत जाऊन बसला होता का? भाची जाते ती जागा म्हणजे दुकानावरचा हॉल. साठेक खुर्च्या, पुढं सतरंजी, पेटी, दोन स्पीकर, मध्यंतरात चहा. ऐकायला रिटायर्ड मास्तर, तबल्याच्या क्लासची लेकरं आणि जालना, बीड, हिंगोलीहून शिकायला येऊन कॉट बेसिसवर राहणारी पोरं-पोरी. या शहरात त्यांच्या ओळखीचं कुणी नसतं. इथं दोन शनिवार चुकले तर तिसऱ्या वेळी कुणीतरी विचारतं, ‘कुठं होतीस?’

भाची पहिल्यांदा गायली तेव्हा अंतऱ्यातच तिचा सूर सुटला. तबलजीनं ठेका धरून ठेवला, पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मान हलवून ‘घे’ म्हटलं, तिनं परत घेतलं. हजार लोकांपुढं तसं झालं असतं तर ती पुन्हा उभी राहिली नसती. जिथं आई येऊन मागच्या रांगेत बसू शकते, ती जागा बंद करून पोरीला कुठं बसवणार? खोलीत, एकटीला, मोबाईल देऊन? दारू मिळणाऱ्या हॉटेलातही गाणी होतात, हे कबूल. तक्रार करायची तर त्या हॉटेलाची करा. या हॉलला त्यात ओढू नका.

‘रात्री दहानंतर संगीत हा गुन्हाच’ हे अर्धं खरं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर आणि वाद्यांवर बंदी आहेच. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहात, आतल्या आत वापरायला सूट दिली आहे, ती ओळ मेसेजात गाळलीय. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, ही आवाजाची मर्यादाही त्याच नियमांत आहे. खिडक्या उघड्या टाकून कुणी गल्ली हादरवत असेल तर तक्रारीला मीही येते. पण भाचीचा हॉल साडेनऊला बंद होतो.

‘ही पाश्चात्त्य थेरं.’ मराठवाड्यात राहून हे लिहिवतं तरी कसं? तासाभरावरच्या खुलताबादेत सूफी संत बुर्‍हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते 1337 साली गेले आणि समाचे, म्हणजे सूफींच्या गाण्याच्या बैठकीचे, मोठे दर्दी होते. सोळाव्या शतकात पैठणला नाथांनी भारुडं रचली, ती लोकांपुढं उभं राहून गाण्यासाठीच. जवळ बसून गाणं ऐकणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

मोबाईलवर सगळं फुकट मिळतं म्हणे. लग्नसराई संपली की ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याच्या हातात मानधनाचं पाकीट असा कट्टा ठेवतो, मोबाईल नाही.

आणि मोठी नाट्यगृहं? एकनाथ रंगमंदिर, तुकाराम नाट्यगृह आपलीच आहेत. पण भाडं, साउंड, लाइट हे सगळं भरून एका नवख्या मुलीसाठी ती कोण घेणार?

ताई, शनिवारी सातला मी तिला घ्यायला येतेय. तूही चल.