एमआरपीच्या आतली लूट

काउंटरवर जास्त घेतलेल्या पैशांवरचा लेख चांगला आहे, पण ‘छापील किमतीपेक्षा जादा घेतले तरच तक्रार होते’ हे वाक्य खटकलं. खरी गोम एमआरपीच्या आतच आहे. आमच्या प्रतापनगरकडच्या एका मोठ्या दुकानात तूरडाळीच्या रॅकवर पिवळी चिठ्ठी, ‘ऑफर 149’. बिलात आले 172. एमआरपी त्याहूनही जास्त, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक! काउंटरवरचा पोरगा म्हणे, “काका, ऑफर काल संपली ना, सिस्टीममध्ये हाच रेट येते.” अरे, मग चिठ्ठी कोण काढणार? मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवल्यावर फरक मुकाट्यानं परत मिळाला. मागे उभ्या असलेल्या बाईंच्या ट्रॉलीत तीच डाळ होती, त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किमतीबद्दल दिशाभूल करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, एमआरपी ओलांडो की न ओलांडो. आणि ‘तेवीस रुपयांसाठी सिव्हिल लाइन्सच्या ग्राहक आयोगात चकरा कोण मारणार’ म्हणणाऱ्यांसाठी: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. कलम 35 नुसार आयोगाच्या परवानगीनं एक ग्राहक तशाच फसलेल्या सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतो. लेखात हे यायला हवं होतं. निदान 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तरी द्यायचा.