पोट दुखतंय म्हणाला होता

हिंग कोमट पाण्यात कालवून मी माझ्या मुलाच्या बेंबीभोवती लावत होते आणि तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. 13 वर्षांचा होता तेव्हा. संध्याकाळपासून दोन उलट्या झाल्या होत्या. "दाबेली खाल्ली असशील कुठेतरी," असं मी वर त्याला बोलले. हे वाक्य आजही आठवलं की पोटात तुटतं.

रात्री साडेअकराला हे त्याला बाथरूमला घेऊन गेले तर त्याला सरळ उभंच राहता येईना. चड्डी उतरवून बघितलं तर एक बाजू लालभडक, सुजलेली, हात लावू देईना. मग बोलला. दुपारी साडेतीनला शाळेच्या व्हॅनपाशी वर्गातल्याच एका मुलानं गंमत म्हणून तिथे लाथ मारली होती. बघणारी सगळी मुलं हसली. व्हॅनवाले काकाही हसले. म्हणून तोही हसला.

आठ तास. आठ तास माझं पोर हे लपवत होतं, कारण जे सांगितल्यावर लोक हसतात ते आईला कसं सांगायचं?

हॉस्पिटलमध्ये रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी केली. वृषणाला पीळ पडला होता, रक्त जाणंच बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, 6 तासांच्या आत आलं तर बहुतेक वेळा वाचतं, नंतर आशा कमी कमी होत जाते. पहाटे दोनला ऑपरेशन झालं. एक काढावं लागलं. दुसऱ्याला तसाच पीळ पडू नये म्हणून ते टाके घालून जागेवर पक्कं केलं.

तो आता 20 वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, आणि एकावरही सगळं नीट चालतं असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ही पोस्ट त्याला वाचून दाखवूनच टाकतेय. "नाव नको घालूस, बाकी सगळं लिही," म्हणाला.

आज लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ. हळदीच्या कार्यक्रमात मित्र नवरदेवाला अवघड जागी गुडघा मारतो, नवरदेव कळवळून खाली बसतो, मागे नुसता हशा. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? गुजरातीत उत्तर आलं, "छोकरां छे बेन, रमतां रमतां थाय." म्हणजे पोरं आहेत, खेळता खेळता होतं. आपल्या मराठी ग्रुपवरही वेगळं काही नव्हतं. एरवी कुणाचा पाय मुरगळला तरी लगेच बर्फ घेऊन धावणारी ही माणसं. तिथे लागलं की मात्र आधी हसू येतं, मग चौकशी. चौकशी झालीच तर.

आणि 'पोट दुखतंय' हे तो खोटं बोलत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. बाळ पोटात असताना वृषणं मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. त्यांच्या नसा वरूनच आलेल्या असतात. म्हणून मार खाली लागला तरी कळ पोटात जाते, मळमळतं, उलटी होते. ती शरीराबाहेर असतात कारण आतल्या उष्णतेत शुक्राणू नीट तयार होत नाहीत. भोवती ना बरगडी, ना कवटी. नुसती कातडी. लेदर बॉलनं क्रिकेट खेळणारे बॅटिंगला जाताना तिथे एल-गार्ड, म्हणजे कडक कवच घालतात, ते काय उगीच?

माझे आजोबा बडोद्याच्या दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. लंगोट कसून बांधल्याशिवाय मातीत पाऊल टाकायचं नाही, आणि जोडीदाराच्या लंगोटाखाली हात गेला तर त्या दिवशीची कुस्ती संपली, असं ते सांगायचे. गदायुद्धाची गोष्ट तर घराघरात माहीत आहे. नाभीखाली गदा मारायची नाही हा नियम. भीमानं दुर्योधनाची मांडी फोडली तेव्हा बलराम नांगर उचलून धावला होता. आणि तो दोघांचाही गुरू होता. समोर दुर्योधन असतानासुद्धा ज्याला अधर्म म्हटलं, ते आपण वाढदिवसाच्या 'बम्प्स'मध्ये, मित्रांच्या लाथाबुक्क्यांत, चालवून घेतो.

कायद्यालाही यात गंमत दिसत नाही. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं याची यादी जुन्या दंडसंहितेत कलम 320 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती कलम 116 मध्ये आहे. त्या यादीत पहिलंच नाव पुरुषत्व नष्ट करण्याचं. डोळा जाणं, हाड मोडणं नंतर येतं.

मुलींना स्वसंरक्षणाच्या वर्गात हेच शिकवतात, त्याचं काय, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. एखादा अंगावर चालून आला, अब्रूवर, जिवावर बेतलं, तर तिनं हाताला लागेल ते करावं. तो अधिकार कायद्यानंच दिलेला आहे आणि मी तिच्या बाजूनं उभी राहीन. पण माझ्या भाचीनं डबा ओढला म्हणून वर्गातल्या मुलाला तिथे लाथ मारली आणि घरी येऊन कौतुकानं सांगितलं, तेव्हा सगळे "वाघीण आहे!" म्हणाले. मी तिला जवळ बसवून दादाची गोष्ट सांगितली. रडली ती. शिकवताना हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता.

रविवारी संध्याकाळी खाली मुलं क्रिकेट खेळत होती. टेनिस बॉलच, पण जवळून आला आणि नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा तिथे हात धरून बसला. बाकीची पोरं लोळून हसायला लागली. माझा मुलगा गॅलरीत उभा होता, तसाच चपला न घालता खाली पळाला. त्या मुलाशेजारी फरशीवर बसला, काहीतरी हळू बोलला, मग त्याला कडेवर घेऊन त्यांच्या घरी गेला. आईनं दार उघडल्यावर सगळं सरळ सांगितलं. कुठे लागलंय, सूज आली, दुखणं थांबलं नाही किंवा उलटी झाली तर लगेच दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका. मग तिच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेननं लागल्याची वेळ लिहून आला : पावणेसहा.