मस्टरवरच्या १२५२ सह्या

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, राग मानू नका. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबली, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' लिहून सुटावंसं वाटेना. अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) जेसी ओरोस्को याच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १२५२ सामने हा पराक्रम नव्हे, हजेरीपट आहे. गडी येणार, दोन-चार चेंडू टाकणार आणि पगार खिशात घालणार. सामना उभा करायचा दुसऱ्यांनी, यानं फक्त आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या. वर शेवटचा टोला, की २००९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीच्या) मतदानात ५३९ पैकी त्याला एक मत पडलं, त्यातच काय ते आलं.

आधी माझी चूक. ओरोस्कोला न्यूयॉर्कच्या मेट्स संघानं शोधलं असं मी लिहून बसलो होतो. तुम्ही म्हणता तेच बरोबर: १९७८ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) त्याला मिनेसोटा ट्विन्स संघानं घेतलं आणि मग पिचर जेरी कूसमनच्या बदल्यात मेट्सला देऊन टाकलं. लेखात दुरुस्ती केली आहे. (या अदलाबदलीची एक गंमत लेखात राहून गेली. मेट्सनं आजवर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली ती दोनदाच. १९६९ ला शेवटचा आउट मिळाला तेव्हा चेंडू कूसमनच्या हातात होता आणि १९८६ ला ओरोस्कोच्या.)

आता दोन-चार चेंडूंचं. १९८३ साली ओरोस्को ६२ सामन्यांत उतरला आणि ११० इनिंग टाकल्या (तीन आउटची एक इनिंग, सामना नऊ इनिंगचा). १३ विजय, १७ सेव्ह (संघाची आघाडी शेवटपर्यंत राखलेले सामने), १.४७ चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं). सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात त्या वर्षी तो तिसरा आला. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आहे तो चाळिशी ओलांडलेला ओरोस्को. पंचविशीतला ओरोस्को वेगळा होता, तो दोन-दोन, तीन-तीन इनिंग ओढायचा.

आयत्या पिठाच्या म्हणीशी मात्र माझं खरं भांडण आहे, कारण रिलीफ पिचरच्या, म्हणजे सामन्याच्या मध्येच दुसऱ्याच्या जागी उतरणाऱ्याच्या, पुढ्यात बहुतेकदा पीठ नसतं, सांडलवंड असते. २७ ऑक्टोबर १९८६, शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. आठव्या इनिंगला मेट्स ६-३ नं पुढे होते. मेट्सचा पिचर रॉजर मॅकडॉवेलला बॉस्टननं झोडपलं, ड्वाइट एव्हान्सच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) दोन धावा आल्या आणि फरक उरला एका धावेचा. एव्हान्स दुसऱ्या बेसवर उभा, एकही आउट नाही. अशा वेळी ओरोस्कोच्या हातात चेंडू दिला. एक साधा सिंगल (एका बेसचा फटका) पडला असता तरी बहुधा बरोबरी झाली असती. रिच गेडमन, डेव्ह हेंडरसन, डॉन बेलर असे तिघेही ओळीनं आउट झाले आणि एव्हान्स होता तिथंच राहिला.

आता हिशेबाची तऱ्हा बघा. समजा एव्हान्स घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचून धाव झाली असती, तर ती धाव पडली असती मॅकडॉवेलच्या खात्यावर. ओरोस्कोचा ईआरए जसाच्या तसा! आधीच्या पिचरनं बेसवर सोडलेला माणूस ही त्याचीच उधारी धरतात. त्यामुळे रिलीफ पिचरचं सगळ्यात अवघड काम त्याच्या स्वतःच्या आकड्यांत जवळपास दिसतच नाही. अर्थात हे दुधारी आहे, ते तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. दुसऱ्याची माणसं घरी जाऊ दिली तरी याचं खातं स्वच्छच राहतं. कारकिर्दीचा त्याचा ३.१६ चा ईआरए मी लेखात मोठ्या तोऱ्यानं मिरवला होता, त्यातला थोडा तोरा मागे घ्यायला हवा.

विजयाच्या रकान्याचीही तीच कथा. त्याच महिन्यात ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत त्यानं तीन विजय मिळवले, तिन्ही रिलीफमध्ये. त्यातला तिसरा म्हणजे सोळा इनिंग चाललेला सहावा सामना. ओरोस्को चौदाव्या इनिंगला आला, बिली हॅचरनं त्याला होमरन मारून बरोबरी केली. सोळाव्यात मेट्सनं तीन धावा करून दिल्या, त्यातल्या दोन यानं परत केल्या. दोघे बेसवर, दोन आउट, ७-६. हरलो तर सातव्या सामन्यात ह्यूस्टनचा पिचर माइक स्कॉट, ज्यानं त्या मालिकेत मेट्सला दोनदा धूळ चारली होती. फास्टबॉलवर आता कुणाचाच विश्वास उरला नव्हता. केव्हिन बासला ओरोस्कोनं स्लायडरमागून स्लायडर (ऐनवेळी बाजूला वळणारे चेंडू) टाकले आणि शेवटी बास हवेत बॅट फिरवून बाद झाला. तीन इनिंगमध्ये तीन धावा दिल्या आणि नावावर विजय! हसायचं तर हसा. पण थकलेल्या हातानं तो शेवटचा स्लायडर टाकायचा म्हणजे हजेरी लावण्याइतकं सोपं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

नंतरच्या काळाबद्दल तुमचा मुद्दा बराचसा खरा आहे. नव्वदीच्या दशकात डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणायची पद्धत रुळली आणि ओरोस्कोचं पोट तिच्यावर चाललं. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, नाहीतर इनिंग संपवावी लागते. त्यामुळे असा माणूस आता घडणारच नाही. त्याच्या १२५२ सामन्यांत इनिंग भरतात १२९५ च्या आसपास. दुसरा रिलीफ पिचर मारियानो रिवेरा १११५ सामन्यांत उतरला, ओरोस्कोपेक्षा १३७ कमी, आणि २०१९ मध्ये सगळ्याच्या सगळ्या मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते योग्यच झालं. आणि खरं सांगू? मला मत असतं तर ओरोस्कोला मीही दिलं नसतं. लेखात मी तशी मागणी केलेली नाही, ती तुम्ही माझ्या तोंडी घातलीत.

हजेरीबद्दल मात्र एक सांगायचंय. १९९८ च्या उन्हाळ्यात कामानिमित्त मी काही महिने बाल्टिमोरला होतो. तिथल्या कॅम्डेन यार्ड्स मैदानावर डाव्या बाजूची स्वस्तातली तिकिटं काढायचो, तिथून बुलपेन (रिलीफ पिचर हात गरम करतात ती जागा) दिसायचं. ओरोस्को तेव्हा बाल्टिमोरच्या संघात, ४१ वर्षांचा. एके दिवशी सहाव्या इनिंगला तो उठला, जॅकेट काढलं, पंधरा-वीस चेंडू टाकले. पलीकडच्या संघाचा बेत बदलला, हा परत बसला, जॅकेट खांद्यावर. आठव्यात पुन्हा उठला, पुन्हा तेच. मी म्हटलं, आता काही हा येत नाही, आणि मक्याच्या लाह्या आणायला गेलो. परत आलो तर तो मैदानातून डगआउटकडे चालत निघालेला.

"काय झालं?" मी शेजारच्या आजोबांना विचारलं. त्यांनी मांडीवरच्या वहीत पेन्सिलीनं केलेली एकच खूण दाखवली: एक बॅटर, एक आउट. सहाव्या इनिंगच्या त्या पंधरा-वीस चेंडूंसाठी वहीत रकानाच नव्हता.