रिंग बदलायला दिलेल्या बुलेटबद्दल वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की धूर येतो म्हणून जुनी लोखंडी इंजिनची 350 बुलेट फक्त पिस्टनच्या रिंग टाकायला दिली, तर आम्ही सिलिंडर बोअर केला (आतून कापून मोठा केला), क्रँकही (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडाही) उघडला, बिल तिप्पट झालं आणि वर ‘पन्नासच्या पुढे पळवू नका’ असं सांगितलं. इंदूरमध्ये जुन्या बुलेटवाले पुष्कळ आहेत, म्हणून सगळं इथेच सविस्तर लिहितो.

या इंजिनचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिमी. तुमचा सिलिंडर खाली 70.05 आणि वर, टॉप रिंग जिथून परत फिरते त्याच्या जरा खाली, 70.23 भरला. फरक 0.18 चा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रिंगची गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, परिघाच्या हिशेबाने उघडते, 0.18 ला 3.14 ने गुणा. खाली 0.30 ठेवून बसवलेली नवी रिंग वर गेली की गॅप 0.87 होणार, आणि प्रत्येक फेरीला अशीच सैल-आवळ होत राहणार. मग धूर थांबणार कसा? शिवाय वरच्या टोकाला न झिजलेली कड उभी होती. नव्या रिंगची कोरी धार तिच्यावर आपटली की रिंग तुटते. ती कड तुम्ही स्वतः नख फिरवून पाहिली होती.

सगळी झीज एकाच बाजूची धरली तरी मूळ सेंटर न हलवता 0.50 मिमी वाढवून बोअर साफ निघत होता, म्हणून 1.00 मिमी ओव्हरसाइज (मोठा) पिस्टन घेतला नाही. पुढच्या खेपेला सिलिंडरमध्ये माल शिल्लक राहिला. आधी पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर) मोजला, मग त्याच्या मापाने बोअर: क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळी जागा) 0.09, शेवटचे 0.05 होनिंगसाठी, म्हणजे दगडाने बारीक घासण्यासाठी, राखून. पिस्टन हातात न देता नुसतं ‘वीस थाऊ काढा’ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणून करून आणलेले सिलिंडर मे महिन्यात बडवाहकडून परतताना भेरूघाटात जाम होतात.

आता क्रँक. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा हलला तर चालतो, पण वर-खाली खेळ जाणवायलाच नको. तुमच्या रॉडला तो होता, आणि ऑइल फिल्टरच्या घड्यांत पिवळा चुरा सापडला. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, फ्लोटिंग बुश (मोकळं फिरणारं धातूचं कडं) संपलं होतं. तसंच ठेवून वर नवा पिस्टन टाकला असता तर वाढलेल्या कॉम्प्रेशनचा मार त्याच बुशवर बसला असता. बुश गेलं कशाने, तेही कळलं: टायमिंग कव्हरमधून (इंजिनच्या बाजूच्या झाकणातून) क्रँकमध्ये ऑइल शिरतं तिथला कॉर्कचा सील आक्रसून कडक झाला होता. ऑइल तिथूनच बाहेर सुटायचं, बिग एंडला दाब मिळत नव्हता. स्वस्तातली वस्तू आहे. कव्हर उघडलं की दर वेळी नवाच टाकावा. पिन आणि बुश नवीन घालून क्रँकचा वाकडेपणा डायल गेजवर दोन थाऊच्या आत आणलाय.

सिलिंडर काढल्यावर फोनवर आकडा सांगितला होता आणि तुमचा होकार आल्यावरच पुढचं काम केलं. तरी तीन आठवडे गाडीविना राहणं त्रासाचं, हे खरं.

पन्नासची मर्यादा पहिल्या 500 किमीपुरतीच आहे. एकाच वेगात नेऊ नका, गॅस कमी-जास्त करत राहा. डबलसीट घाट तर सध्या नकोच. होनिंगच्या रेघांची टोकं घासली गेली की रिंग बसते, तोवर थोडा निळा धूर दिसेल. ऑइल 200 ला आणि परत 500 ला बदला, फिल्टरसकट.

500 ला गाडी आणा. इंजिन थंड असताना हेडचे नट परत आवळू आणि टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) लावू: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. त्याची मजुरी घेणार नाही. जुना पिस्टन, पिन आणि बुश तुमच्यासाठी पिशवीत ठेवलेत, तेही बघून घ्या. तोवर धूर कधी येतो ते पाहून ठेवा. चढावर गॅस देताना सतत येत असेल तर रिंग अजून बसायची आहे. उतारावर गॅस सोडून परत दिल्यावर भपका येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजलेत. ते या वेळी मोजले होते, चालण्यासारखे निघाले म्हणून बदलले नाहीत; तसा भपका दिसलाच तर हेड परत उतरवून बघू.